मोजपट्टीचं टेबल

हॉटेलात एकशे अडुसष्ट खोल्या होत्या, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या खोल्यांबद्दल काही ना काही वाईट सांगू शकेल अशी एकच बाई तिथे नोकरीला होती. तिला कोणी विचारत नव्हतं, म्हणून हॉटेल सुखाने चाललं होतं.

ही बाई तळघरातल्या लिनन रूममध्ये काम करायची. हॉटेलातल्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं आधी मळकं आणि मग धुतलेलं तिच्या हाताखालून जायचं. ती तपासायची, घड्या घालायची, मजल्यांप्रमाणे गाड्यांवर लावायची. तिने घडी घातली की कडेला कड अशी बसायची, की बघणाऱ्याला आपलं आयुष्य फार अस्ताव्यस्त असल्यासारखं वाटावं. त्यावरून तिला मोजपट्टी म्हणायला लागले. हे नाव कोणी पाडलं ते आता कोणाला आठवत नाही. तिला आठवतं, वारसुद्धा आठवतो, पण तिला राग नाही. माणसाला त्याच्या कामावरून ओळखावं, यात वाईट काय, असं तिचं मत. तसंही शाळेतल्या नावांपेक्षा हे बरंच बरं होतं.

वय सदतीस, नोकरीची अकरा वर्षं. लग्न नाही. एक मुलगा बघायला आला होता, त्याने विचारलं, 'मी कसा वाटलो?' तिने खरं सांगितलं. त्यानंतर आईने नाद सोडला.

या अकरा वर्षांत मोजपट्टीने एक विद्या कमावली होती, तिला चादरी वाचता यायच्या. तीनशे अकराची चादर रोज पिळा घातल्यासारखी यायची. आज कोणी पैलवान राहो, उद्या कोणी आजी, चादर तशीच. तेव्हा ही एकदा वर जाऊन पलंगाशी उभी राहिली, तर उशाच्या भिंतीपलीकडे सामानाची लिफ्ट. दर पाच मिनिटांनी भिंत कण्हायची. दोनशे सातमधला हातपुसणा नेहमी दोरीसारखा पिळलेला, कारण तिथला नळ शिट्टी वाजवतो आणि वैतागलेला पाहुणा नळाच्याच गळ्याला टॉवेल बांधतो. एकशे अठराचा टॉवेल धुळीने काळा, कारण स्वयंपाकघराचा तळणीचा वास आत येऊ नये म्हणून लोक तो दाराच्या फटीत कोंबतात. चारशे पंधरात उशी डोळ्यांवर घेऊन झोपतात, पडद्याला मधोमध फट आहे आणि सूर्य नेमका तिथूनच येतो. उलट दोनशे तेवीसची चादर अशी यायची की माणूस झोपला आणि तसाच सकाळी उठला. ती खोली कोपऱ्यात, अंधारी, खिडकीतून मागची भिंत दिसणारी. तिला मागणी नव्हती.

हे सगळं डोक्यात घेऊन मोजपट्टीला एकच गोष्ट हवी होती. खोल्या वाटपाचं टेबल.

हे टेबल स्वागतकक्षाच्या मागच्या खोलीत होतं. समोर भिंत, बाजूला संगणक, वर एक दिवा. उद्या कोण पाहुणे येणार त्याची यादी बघायची आणि कोणाला कुठली खोली ते ठरवायचं, एवढंच तिथलं काम. पाहुण्यांशी बोलायचं नाही, हसायचं नाही, उभं राहायचं नाही. तिथे बसणारी पोरं जी खोली आधी रिकामी दिसेल ती पुढच्या नावाला चिकटवून मोबाइल बघत बसायची. म्हातारी जोडपी नळाची शिट्टी ऐकत रात्र काढायची, आणि दोनशे तेवीस रिकामी राहायची.

तिने तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा मुलाखत घेतली ती स्वागतकक्षाच्या मुख्य साहेबांनी. त्यांना सगळे हसरे साहेब म्हणत. ते झोपेतही हसत असावेत, कारण रागावतानाही हसत.

पहिल्या वेळी ते म्हणाले, "स्वतःबद्दल काहीतरी सांगा."

"कशाबद्दल?"

"काहीही. मोकळेपणाने."

तिने मोकळेपणाने दोनशे सातच्या नळाबद्दल वीस मिनिटं सांगितलं. निकाल: संवादकौशल्य कमी.

दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"याच टेबलावर," ती म्हणाली. कारण ती याच टेबलासाठी आली होती. निकाल: महत्त्वाकांक्षा नाही. ती जागा ज्याला मिळाली त्याने सांगितलं होतं की तो स्वतःला परदेशात बघतो. सात महिन्यांनी तो खरंच गेला.

तिसऱ्या वेळी हसरे साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बघा, तुमचं काम चांगलं आहे, त्यात वादच नाही. पण तुम्ही डोळ्याला डोळा भिडवत नाही. आपला धंदा माणसांचा आहे."

"त्या टेबलासमोर भिंत आहे," मोजपट्टी म्हणाली. "भिंतीशी भिडवायचा का?"

निकाल त्यांनी लिहिलासुद्धा नाही.

खाली आल्यावर लिनन रूमच्या मावशींनी तिच्यापुढे चहा सरकवला. मावशी त्या खोलीच्या प्रमुख, हॉटेलातली सगळ्यात जुनी बाई. "काय म्हणाला हसरा?"

"डोळे."

"चष्मा लावून जा म्हटलं होतं तुला. काळा."

"त्याने काय होईल?"

"त्याला कळणार नाही तू कुठे बघतेस ते. काही होणार नाही गं, घे चहा. गंमत केली."

मोजपट्टीला गंमत उशिरा कळायची, पण मावशी गंमत केल्यावर तसं सांगायच्या. जगात इतकी साधी सोय करून देणारं दुसरं माणूस तिला भेटलं नव्हतं.

मग त्या वर्षी हॉटेलाला उपरती झाली.

उपरती आपोआप होत नाही. पर्यटन धंद्यातल्या मालकांच्या संघाने एक पुरस्कार जाहीर केला होता: ज्यांचे मेंदू जरा निराळ्या वळणाने चालतात, अशा माणसांना जे हॉटेल सन्मानाने नोकरीवर घेईल त्याला. शेजारच्या हॉटेलाने नाव नोंदवल्याचं कळलं आणि आमच्या मोठ्या साहेबांच्या हृदयाला एका दुपारी पाझर फुटला. त्यांनी मनुष्यबळ खात्याच्या मॅडमना बोलावलं. मॅडम हुशार होत्या. आठवड्याभरात भिंतींवर 'प्रत्येक मेंदूचं स्वागत' असे फलक लागले, एक गुळगुळीत पुस्तिका छापली गेली आणि जाहिरातही दिली गेली.

जाहिरात वाचून तिघे आले. पहिला एक तास आधी येऊन बसला, उतावळा. दुसरीने आल्या आल्या विचारलं, की हा दिवा लुकलुकतोय तो बंद करता येईल का; तक्रारखोर. तिसऱ्याला गटात बसवून चेंडू फेकाफेकीचा खेळ खेळायला लावला आणि त्याने विचारलं, की या नोकरीत चेंडू कुठे येतो. सांघिक भावना नाही. मॅडम खिन्न झाल्या. त्या म्हणाल्या, "आपण दार उघडं ठेवलंय हो, पण योग्य माणसंच येत नाहीत."

मग सगळ्या नोकरवर्गासाठी मोठ्या सभागृहात प्रशिक्षण ठेवलं. मोठ्या आवाजाचा त्रास होणाऱ्या माणसांवरची चित्रफीत मोठ्या आवाजात दाखवली. मोजपट्टी कानांत बोटं घालून बसली होती. शेवटी मॅडमनी मंचावरून प्रेमळ आवाजात विचारलं, "आपल्यात असं कोणी आहे का? लाजू नका. हे आपलं कुटुंब आहे."

दोनशे माणसांनी एकदम मागे वळून मोजपट्टीकडे बघितलं.

मॅडमचा चेहरा उजळला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. कानांत बोटं असल्यामुळे मोजपट्टीला कळेना की हे कशाबद्दल चाललंय.

पुरस्काराला कागद लागतो, म्हणून डॉक्टरांचा कागद आणायचं ठरलं. घरी ही बातमी आईला अजिबात रुचली नाही.

"आपल्या घरात असलं काही नाही," आई म्हणाली. "कागदावर लिहून आणलंस, तर तुझ्या बापाचंही लिहावं लागेल. तो आता आहे का सही करायला?"

"आई, त्याने काय बिघडतं," धाकटा भाऊ म्हणाला. "ताईचाच फायदा आहे."

"तू गप्प बस. तुला फार अक्कल. चाळीस वर्षं त्या माणसाचा डबा एकाच बाजूने उघडेल असा ठेवला मी, मला कोणी कागद दिला का?"

डॉक्टरांना लहानपणाविषयी विचारायचं होतं, म्हणून आईलाच बरोबर न्यावं लागलं. आई जाताना ठरवून गेली होती, की एक अक्षर वावगं बोलायचं नाही. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "लहानपणी कशी होती?"

"एकदम चारचौघांसारखी हो," आई म्हणाली. "चार वर्षांची होईपर्यंत बोलली नाही, तेवढंच. मग बोलली ती एकदम, 'हे दार नीट बंद होत नाही' म्हणून. चपला रांगेत लावायची, आलेल्यांच्यासुद्धा. कोणी कडेवर घेतलं की ताठ, फळीसारखी. लोकरी कपडा अंगाला लागू द्यायची नाही. जेवताना एकाला दुसरं लागलं की ताट बाजूला. बाकी काही नाही. बापावर गेलीये, झालं."

डॉक्टरीण बाई खाली मान घालून लिहीत होत्या. बाहेर आल्यावर आई कुजबुजली, "एवढं काय लिहीत होती गं ती? मी तर काहीच सांगितलं नाही."

कागद चार पानी आला. मोजपट्टीने तो स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून दोनदा वाचला. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, की ही व्यक्ती हट्टी किंवा उद्धट नाही. तिला जे ऐकू येतं, दिसतं आणि टोचतं, ते इतरांपेक्षा जास्त असतं. तिने ते वाक्य आईला वाचून दाखवलं.

आई भांडी लावत होती. जरा वेळाने म्हणाली, "तो लोकरी फ्रॉक मी तुला दोन हिवाळे घातला."

"तीन," मोजपट्टी म्हणाली.

आईने ताटं मोठ्यावर लहान अशी नीट लावली, एरवी ती तशी लावत नसे.

कागद हातात पडल्यावर मोजपट्टीला वाटलं, आता टेबल मिळणार. तिचं सरळ गणित होतं: डोळे भिडवत नाही म्हणून टेबल नाकारलं, डोळे का भिडवत नाही ते आता लिहून मिळालंय, तेव्हा अडचण संपली. मॅडमनी तिला बोलावलं आणि तिच्या हातात एक बिल्ला ठेवला. बिल्ला बशीएवढा होता. त्यावर लिहिलं होतं, 'माझा मेंदू वेगळा आहे. मला हसून भेटा.'

"आजपासून तुम्ही आपल्या स्वागतदूत," मॅडम म्हणाल्या. "मुख्य दरवाज्याशी उभं राहायचं. पुढच्या महिन्यात परीक्षक येणार आहेत."

"मला टेबल हवंय."

"अहो, कुठे तळघर आणि कुठे मुख्य दालन. ही बढती आहे."

मुख्य दालन म्हणजे मोजपट्टीच्या दृष्टीने सगळ्या वाईट खोल्यांची बेरीज होती. मध्ये कारंजं, वर संगीत, फिरतं दार, अत्तरांचे लोट, आणि संगमरवरावरून खडखडत जाणाऱ्या बॅगा. तिथे ती सहा दिवस उभी राहिली. पाहुणे बिल्ला वाचायचे आणि तिच्याशी मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून बोलायचे. एका बाईने तिच्या गालाला हात लावून म्हटलं, "किती गोड. स्वतःच्या पायावर उभी आहे." ते खरंच होतं, आणि पाय दुखत होते.

घरी ती बोलेनाशी झाली. येऊन अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायची. सातव्या दिवशी सकाळी तिला गणवेशाची बटणं लावता येईनात, बोटं ऐकेनात. आईने लावून दिली. म्हणाली, "बाई, सोड ती नोकरी. बढती म्हणे. असली बढती वैऱ्यालाही नको."

"सोडली तर टेबल मिळणार नाही," मोजपट्टी म्हणाली.

त्याच दिवशी एका म्हाताऱ्या पाहुण्याने किल्ली हातात घेऊन सहज तिला विचारलं, "तीनशे अकरा. कशी आहे खोली?"

"वाईट," ती म्हणाली. "तुम्हाला झोप लागणार नाही. दोनशे तेवीस मागा."

म्हातारा तसाच परत फिरला आणि त्याने दोनशे तेवीस मागितली. हसरे साहेब हसत हसत तिच्यापाशी आले. "पाहुण्यांना आपणच सांगायचं का, आपली खोली वाईट आहे म्हणून?"

"त्यांनी विचारलं."

"विचारलं तरी."

"मग काय सांगायचं?"

"काहीही. छान म्हणायचं."

"तुम्ही झोपलाय का कधी तीनशे अकरात?"

हसरे साहेब गेले. त्यांनी मॅडमकडे तक्रार केली, मॅडमनी मोजपट्टीला समज द्यायला बोलावलं, आणि समज सौम्य वाटावी म्हणून सोबत ती गुळगुळीत पुस्तिका दिली. इथे चूक झाली. ती पुस्तिका हॉटेलात आजवर कोणी वाचली नव्हती. मॅडमनीही नाही, त्यांनी ती इकडून तिकडून वाक्यं उचलून जुळवली होती, आणि मोठ्या साहेबांनी फक्त स्वतःचा फोटो नीट आलाय का ते बघून सही केली होती. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, तिथे मीठ कोण चाखून बघणार. मोजपट्टीने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. चौदाव्या पानावर लिहिलं होतं: 'अशा कर्मचाऱ्याने लेखी मागितलेली प्रत्येक सोय सात दिवसांत दिली जाईल. याला अपवाद नाही.' त्यापुढे कोरा अर्जही छापलेला होता.

तिने अर्ज भरला. सोय कोणती: खोल्या वाटपाचं टेबल. कारण: मला ते काम येतं. कालावधी: निवृत्तीपर्यंत. इतर काही: बिल्ला नको, टाळ्या नकोत. खाली सही, तारीख, आणि सोबत चार पानी कागदाची प्रत.

मॅडमनी अर्ज वाचला आणि त्या हसरे साहेबांसारख्या हसल्या. "अहो, सोय म्हणजे कसं, कानाला लावायची टोपणं, किंवा मंद दिवा. असं काहीतरी."

"तसं लिहिलेलं नाही. 'प्रत्येक सोय' लिहिलंय."

"प्रत्येक म्हणजे योग्य ती."

"'अपवाद नाही' पण लिहिलंय."

"ते आपलं असंच लिहितात हो. त्याचा अर्थ तसा नसतो."

"मग तसा का लिहिता?" मोजपट्टीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. गेली तीस वर्षं ती हा प्रश्न लोकांना विचारत आली होती, आणि लोक तिला उद्धट म्हणत आले होते.

प्रकरण मोठ्या साहेबांपर्यंत गेलं. तिघे बसले, चौथी ती, दाराजवळच्या खुर्चीवर. हसरे साहेब म्हणाले, उद्या धोबी स्वयंपाकी व्हायला बघेल. मॅडम म्हणाल्या, आपण तिला एक शांत खोली देतोच आहोत. मोठे साहेब म्हणाले, "पुस्तिका परत छापा. ते वाक्य काढून टाका."

मॅडमनी घसा साफ केला. "सर, पुस्तिका परीक्षकांकडे गेलीये. ते आले की अर्जांची फाइल बघणार आहेत. किती अर्ज आले, किती मंजूर झाले."

"किती आलेत?"

"हा एकच."

खोलीत थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज होता. पंख्याच्या एका पात्याला बाक होता; मोजपट्टीने ते सांगायचं टाळलं, आणि तेवढा संयम तिला त्या बैठकीत पुरा पडला.

"द्या टेबल," मोठे साहेब म्हणाले. "परीक्षक येऊन जाईपर्यंत."

"अर्जावर कालावधी लिहिलाय," मोजपट्टी म्हणाली.

"बघू ते पुढचं पुढे."

"मंजूर लिहून सही करा. मग पुढे बघा."

मोठ्या साहेबांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी हसरे साहेबांकडे, आणि हसरे साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा न हसता खिडकीबाहेर. सही झाली.

अर्थात टेबल दिलं म्हणजे जागा दिली असं नव्हे. हसरे साहेबांनी सांगितलं, मागच्या खोलीत आता प्रिंटर ठेवायचाय. तेव्हा टेबल नव्या शांत खोलीत हलवलं. ही खोली खास मेंदू निवांत व्हावेत म्हणून बनवली होती. भिंतींना निळा रंग, निळा दिवा, आणि आत जायचं तर दोन अधिकाऱ्यांच्या सहीचा परवाना. जागा मात्र लिफ्टच्या मोटारीला लागून होती, कारण ती कशासाठीच कोणाला नको होती. मोजपट्टी आत बसली आणि अकरा मिनिटांत बाहेर आली.

"काय गं?" मावशींनी विचारलं.

"शांत खोली शांत नाही."

"मग?"

"आपली आहे." ती चादरींच्या मांडण्यांकडे बघत होती. जमिनीपासून छतापर्यंत सुती कापडाच्या थप्प्या. तिथे आवाज शिरला तरी उठून दिसायचा नाही, कापूस पिऊन टाकायचा. अख्ख्या इमारतीत याहून निवांत जागा नव्हती, आणि ती अकरा वर्षं तिथेच उभी होती.

मावशींनी देखभालीच्या माणसाला हाक मारली. "हे बघ, वरून एक वायर ओढायचीये खाली. आणि ते टेबल आणायचंय."

"लेखी लागेल मावशी."

"तुझ्या गादीचे अभ्रे बारा वर्षं कोण शिवून देतंय? ते लेखी आहे का?"

दुपारपर्यंत टेबल उशांच्या अभ्र्यांशेजारी येऊन बसलं. परीक्षक आले तेव्हा त्यांना तळघर दाखवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना निळी खोली दाखवली, फाइल दाखवली, एकपैकी एक अर्ज मंजूर, शंभर टक्के. फोटोसाठी मोजपट्टीला निरोप गेला. ती म्हणाली, दोन वाजेपर्यंत खोल्या लावायच्यात, नंतर येते. परीक्षक दोनपर्यंत थांबणार नव्हते. मग स्वागतकक्षातल्या गोऱ्यागोमट्या मुलीच्या छातीवर तो बिल्ला लावला आणि तिचा फोटो काढला. पुरस्कार मिळाला. दुसरा, पहिला शेजारच्यांना. फोटो दर्शनी भिंतीवर लागला, आणि तेव्हापासून ती पोरगी रडकुंडीला आलीये. येणारे पाहुणे तिला हळू आवाजात समजावून सांगतात, की बाळ, लिफ्टचं बटण असं दाबायचं.

मोजपट्टी मात्र कामाला लागली. आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना तिने चार प्रश्न पाठवायला सुरुवात केली: झोप हलकी आहे का, गुडघे दुखतात का, वासाचा त्रास होतो का, पहाटे उठता का. सकाळी मळक्या चादरी आल्या की आदल्या दिवशीचं वाटप बरोबर होतं की नाही ते तिला तिथेच कळायचं. चुकाही झाल्या. एका नव्या जोडप्यातल्या नवऱ्याने 'झोप हलकी' असं लिहिलं, म्हणून तिने त्यांना दोन वेगळे पलंग असलेली खोली दिली. बायको तणतणत खाली तळघरात आली. मावशींनी मोजपट्टीला बाजूला घेऊन समजावलं, तेव्हा तिने प्रश्नावलीत पाचवा प्रश्न घातला. तो इथे सांगण्यासारखा नाही.

तीनशे अकरात तिने एका बहिऱ्या गृहस्थांना ठेवलं. जाताना ते पुढच्या वेळेसाठीही तीच मागून गेले.

मोठ्या साहेबांचं 'पुढचं पुढे' काही आलं नाही. तीन महिने झाले, चार झाले. स्वागतकक्षात सकाळी भांडायला येणाऱ्यांची रांग आखडली, आणि याचं श्रेय मॅडमनी संगीत बदलल्याला दिलं. मोजपट्टीने तेही वाद न घालता ऐकून घेतलं. संगीत खरंच बरं होतं.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला हसरे साहेब स्वतः तळघरात उतरले. ते पायरीवर अडखळले, कारण यापूर्वी कधी आलेच नव्हते. टेबलाशेजारी उभे राहून त्यांनी दोनदा खाकरून घेतलं.

"एक काम होतं. घरचंच. माझ्या सासूबाई येतायत राहायला, आठ दिवस. घरी रंगकाम आहे."

"झोप हलकी आहे का?"

"झोपतच नाहीत हो त्या. तीच तर पंचाईत आहे."

"गुडघे?"

"ठणठणीत. सगळीकडे पोचतात." साहेबांनी आवाज खाली आणला. "बघा, खोली जरा दूरची द्या."

"कशापासून दूर?"

हसरे साहेबांनी मावशींकडे बघितलं. मावशी अभ्रे मोजण्यात फार गुंगून गेल्या होत्या.

"माझ्यापासून," साहेब म्हणाले.

मोजपट्टीने मान हलवली. ती टेबलावरच्या नकाशाकडे बघत होती, साहेबांकडे नाही, आणि साहेबांनी ते मनावर घेतलं नाही. "तुमची खुर्ची इथे," तिने बोट ठेवलं. "पायऱ्या धरून सगळ्यात लांब पाचशे बेचाळीस. पण तिथून लिफ्ट जवळ. म्हणजे त्या चार मिनिटांत खाली येतील. चारशे एकोणीसला चालणं जास्त आहे, सात मिनिटं."

"सात," हसरे साहेब म्हणाले. "त्याहून जास्त काही?"

"बसा," मोजपट्टी म्हणाली. "बघते."

बसायला तिथे खुर्ची नव्हती. साहेब टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसले आणि वाट बघू लागले.